कॅमकॉर्डरची कॅसेट लिनक्सवर उतरवताना: काल चाललं ते आज का चालत नाही

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "काल अर्धी कॅसेट मस्त उतरली. आज तेच डोंगल, तीच केबल, तोच लॅपटॉप, अन् स्क्रीनवर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकतायत. काहीच बदललं नाही ना भाऊ!" बदललेलं असतं. रात्री डोंगल काढून ठेवलं आणि सकाळी पुन्हा लावलं, एवढा बदल पुरतो.

नागपुरात अजून कितीतरी घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात हाय-८ आणि मिनीडीव्हीच्या कॅसेट पडून आहेत. लग्नं, मुंजी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, मारबतीची मिरवणूक. घरचं चित्रण दुकानात देऊन यायला पुष्कळांचं मन होत नाही. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं यूएसबी कॅप्चर डोंगल (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारी डबी) एवढ्या सामानात हे काम घरी होतं. होतं, पण पुन्हा पुन्हा अडतं. अडलं की लोक स्क्रीनवरचा संदेश वाचतात आणि त्याच्या मागे धावतात. माझा सल्ला उलटा आहे: संदेश नंतर, आधी ते कधी अडलं ते पाहा. डोंगल लावल्याबरोबर? कॅसेटच्या नेमक्या त्याच जागी? फाइल ठरावीक आकाराची झाल्यावर? ठरावीक वेळ गेल्यावर? की मनाला येईल तेव्हा? या प्रत्येक उत्तराचं कारण वेगळं आहे, आणि लिनक्सचा संदेश यात कधीकधी चक्क दिशाभूल करतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. तुमचा कॅमेरा मेमरी कार्डवर किंवा हार्ड डिस्कवर चित्रण करणारा असेल तर डोंगल लागतच नाही. कॅमेऱ्याची यूएसबी केबल लावा, तो पेन ड्राइव्हसारखा उघडेल, एव्हीसीएचडीच्या फाइली 'बीडीएमव्ही' फोल्डरच्या आत 'स्ट्रीम'मध्ये सापडतील, त्या कॉपी करा. मिनीडीव्ही आणि डिजिटल-८ कॅमेऱ्यांना बहुधा फायरवायरची खाच असते, डिजिटल चित्र थेट संगणकात नेणारी. संगणकातही फायरवायर असेल तर 'डीव्हीग्रॅब' या प्रोग्रामने कॅसेटवरची डिजिटल माहिती जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी, आणि डोंगलपेक्षा चित्र निश्चित चांगलं येतं. मात्र एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी जी स्वस्त पिन मिळते ती घेऊ नका. आत नुसत्या तारा जोडलेल्या असतात. दोन्हींची भाषा वेगळी असल्यामुळे तिच्यातून काहीच येत नाही.

आता डोंगल. (पुढचे आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

खोक्यावरचं नाव विसरा

'इझीकॅप' हे नाव आणि तसंच दिसणारं प्लॅस्टिक, पण आत निदान चार-पाच वेगवेगळ्या चिप निघतात. म्हणून "माझ्या मित्राचं चालतं, माझं का नाही" या प्रश्नाला अर्थ नाही. डोंगल लावून 'एलएसयूएसबी' चालवा आणि जो नवा आकडा दिसेल तो वहीत लिहा.

०५ई१:०४०८ असेल तर सिंटेकची एसटीके११६० चिप. तिचा ड्रायव्हर २०१२ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. १बी७१:३००२ असेल तर फुशिकाईची यूटीव्ही००७. तिच्यासाठी 'यूएसबीटीव्ही' ड्रायव्हर २०१३ मध्ये आला. ईबी१ए ने सुरू होणारा आकडा म्हणजे एम्पिया, ड्रायव्हर 'ईएम२८एक्सएक्स'. ५३४डी:००२१ म्हणजे मॅक्रोसिलिकॉनची नवी चिप, जी स्वतःला वेबकॅमसारखी सादर करते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. आणि १सी८८:०००७ दिसलं तर ती सोमॅजिक. तिला विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) काढून भरवावं लागतं आणि कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर नाही. जमवणारे जमवतात, पण दुकानदार बदलून देत असेल तर मी सरळ बदलून घ्यायला सांगेन.

लावल्याबरोबर अडतं: पट्ट्या, उडणारं किंवा रंग गेलेलं चित्र

वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही पहिली. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये पीएएल पद्धतीने सुरू झालं आणि इथे विकले गेलेले कॅमेरे त्याच पद्धतीचे: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. एसटीके११६० आणि यूएसबीटीव्ही हे दोन्ही ड्रायव्हर मात्र सुरुवातीला एनटीएससी गृहीत धरतात, म्हणजे ४८० ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. काल तुम्ही, किंवा तुमच्या नकळत एखाद्या प्रोग्रामने, पीएएल निवडलं होतं. ती निवड डोंगलच्या पोटात साठत नाही. डोंगल काढलं की गेली. लावलं की पुन्हा एनटीएससी. मग पीएएलचं चित्र एनटीएससीच्या साच्यात बसत नाही, ते सरकतं, फाटतं, आणि रंगाची लहर वेगळ्या वारंवारितेवर असल्याने रंगही उडतो.

'व्ही४एल-युटिल्स' पॅकेज टाका. 'व्ही४एल२-सीटीएल --गेट-स्टँडर्ड'ने सध्या काय निवडलंय ते दिसेल, '--सेट-स्टँडर्ड=पीएएल'ने बदलेल. पण दर वेळी हे आठवणीत ठेवणं हाच तर त्रास. म्हणून पद्धत आणि खाच दोन्ही 'एफएफएमपेग' या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला द्यायच्या आदेशातच लिहून टाका:

एफएफएमपेग -एफ व्ही४एल२ -स्टँडर्ड पीएएल -चॅनल ० -थ्रेड_क्यू_साइझ १०२४ -आय (डोंगलचा पत्ता) -एफ अल्सा -थ्रेड_क्यू_साइझ १०२४ -आय (आवाजाचा पत्ता) -सी:व्ही एफएफव्ही१ -सी:ए पीसीएम_एस१६एलई कॅसेट.एमकेव्ही

ही ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि तीच चालवा. 'चॅनल' म्हणजे पिवळी पिन की एस-व्हिडिओ. कोणत्या आकड्याला काय आहे ते '--लिस्ट-इनपुट्स' सांगतं. निळा किंवा काळा पडदा, पट्ट्याही नाहीत, असं असेल तर पद्धत नाही, खाच चुकलेली असते. मॅक्रोसिलिकॉनच्या चिपला 'स्टँडर्ड' लागू होत नाही, ती पद्धत बहुधा स्वतः ओळखते; तिच्यासाठी 'स्टँडर्ड' आणि 'चॅनल' हे दोन्ही पर्याय गाळा.

याच्या उलट प्रकारही घडतो. कॅमेरा अमेरिकेतल्या काकांनी आणून दिलेला असतो आणि घरातले सगळे 'पीएएल लावलं तरी चालत नाही' म्हणून हैराण. तो कॅमेरा आणि त्याने भरलेल्या कॅसेट एनटीएससी. त्यांच्यासाठी दुसरी स्क्रिप्ट करा.

'डोंगलचा पत्ता' मी मुद्दाम कंसात ठेवला. बहुतेक लोक तिथे /डेव्ह/व्हिडिओ० लिहितात आणि कधीतरी स्वतःचाच चेहरा रेकॉर्ड करून बसतात. लॅपटॉपचा वेबकॅम हल्लीच्या कर्नलमध्ये दोन क्रमांक अडवतो, चित्रासाठी एक आणि सोबतच्या माहितीसाठी एक. डोंगल त्यामुळे बहुधा 'व्हिडिओ२' होतं, पण ते आधीच लावून लॅपटॉप सुरू केला तर क्रम बदलू शकतो. क्रमांकाच्या नादी लागू नका. /डेव्ह/व्ही४एल/बाय-आयडी या फोल्डरात प्रत्येक उपकरणाचा नावासकट पत्ता असतो आणि तो बदलत नाही. तो वापरा. आवाजाच्या कार्डाचंही तेच, 'एचडब्ल्यू:२' ऐवजी नाव लिहा.

"नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस", आणि डिस्क तर रिकामी

हा तो दिशाभूल करणारा संदेश. तो वाचून लोक सिनेमे उडवतात, फोटो पेन ड्राइव्हवर हलवतात, नवी हार्ड डिस्क घेतात. इथे डिस्कचा काही संबंध नाही. जागा संपली आहे ती यूएसबीच्या तारेवर.

हिशोब करून पाहा. ७२० गुणिले ५७६ बिंदू, प्रत्येक बिंदूला २ बाइट, सेकंदाला २५ चित्रं: २,०७,३६,००० बाइट, म्हणजे सेकंदाला जवळपास २०.७ एमबी. थेट चित्रासाठी यूएसबी २.० एका उपकरणाला जास्तीत जास्त २४.६ एमबी देऊ शकतं. म्हणजे डोंगल ती मर्यादा जवळजवळ भरून टाकतं. त्यात एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी ही जागा चित्र सुरू होण्याआधीच राखून ठेवली जाते, वापरली जावो न जावो. यूएसबी २.० ची पूर्ण वाट ६० एमबीची, त्यातली ८० टक्के, म्हणजे ४८ एमबी, अशा राखीव कामाला मिळते. वेबकॅम आणि डोंगल या दोघांनी पूर्ण रुमाल टाकला की ४९.२ होतात. मावत नाही. जो नंतर आला त्याला 'जागा नाही'.

म्हणूनच ही अडचण कधी येते आणि कधी नाही. वेबकॅम चालू असलेल्या दिवशी येते, बंद असलेल्या दिवशी नाही. व्हिडिओ कॉलची खिडकी मागे उघडी राहिली असेल तर ती बंद करा. डोंगल हबमध्ये असेल तर काढून थेट लॅपटॉपच्या खाचेत लावा, आणि शक्यतो वेबकॅम ज्या कंट्रोलरवर आहे त्याच्या दुसऱ्यावर. 'एलएसयूएसबी -टी' ही सगळी फांद्यांची रचना दाखवतं. डेस्कटॉप असेल तर समोरच्या खाचा सोडा, मागच्या वापरा. मॅक्रोसिलिकॉनसारखी चिप एमजेपेगमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेलं, चित्रही देते. तो पर्याय निवडला की मागणी पुष्कळ कमी होते, चित्राची थोडी किंमत देऊन.

कर्नलची वही, म्हणजे 'डीमेसेज', इथे उघडून ठेवा. उणे २८ हा आकडा म्हणजे हीच तारेवरची जागा. उणे ७१ म्हणजे संभाषण तुटलं: केबल, सैल खाच किंवा वीज कमी पडणं. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. 'रीसेट हाय-स्पीड' अशा ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर सॉफ्टवेअर बदलण्यात वेळ घालवू नका, आधी यूएसबीची एक्स्टेन्शन केबल काढा. जुनी डोंगलं काही यूएसबी ३ खाचांमध्ये नीट वागत नाहीत. लॅपटॉपला काळ्या जिभेची जुनी खाच असेल तर ती करून पाहा. आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकून हे करू नका. असं थेट चित्र तिथे धड येत नाही.

नेमकं तिथेच अडतं

कॅसेटच्या त्याच जागी दर वेळी थांबत असेल तर दोष कॅसेटचा. लिनक्स, डोंगल, केबल सगळी निर्दोष. कॅमेरा टीव्हीला जोडून ती जागा चालवा. टीव्ही बिघडलेलं चित्रही दाखवत राहतो, डोंगल मात्र सिग्नलची लय तुटली की चित्र देणंच थांबवतं. दोन चित्रणांच्या मध्ये कोरी टेप सुटलेली असते तिथे हे हमखास होतं. तो तुकडा टाळून वेगवेगळ्या फाइली करा, नंतर जोडता येतात. हाय-८ च्या जुन्या कॅसेट जुनी ८ मिमी टेप वाचणाऱ्या डिजिटल-८ कॅमेऱ्यात घालून फायरवायरने घेता आल्या तर लय कॅमेराच सुधारून देतो. सगळे डिजिटल-८ कॅमेरे जुनी टेप वाचत नाहीत, उसना घेताना तेवढं विचारा.

फाइल ४ जीबीला पोचली की बंद पडते? ज्या डिस्कवर लिहिताय ती एफएटी३२ आहे. त्या रचनेत एक फाइल याहून मोठी होतच नाही. ईएक्सटी४ वर लिहा.

ठरावीक वेळाने अडत असेल तर कोण झोपतंय ते शोधा. लॅपटॉप झोपत असेल तर आदेशाच्या आधी 'सिस्टमडी-इनहिबिट' लावा. कॅमेरा झोपत असेल तर तो बॅटरीवर आहे, त्याचा अडॅप्टर लावा.

वरच्या आदेशात मी फाइल एमकेव्ही ठेवली आहे, एमपी४ नाही, त्यालाही कारण आहे. एमपी४ आपली अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहितं. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात लाइट गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर तासाभराची एमपी४ फाइल उघडत नाही. एमकेव्ही लाइट जाईपर्यंतचं जवळजवळ सगळं दाखवते.

आवाज

दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाखाली येतात. आवाज पहिल्यापासून सारखाच मागे किंवा पुढे असेल तर काळजी नाही, 'आयटीएसऑफसेट'ने नंतर सरकवता येतो. सुरुवातीला जुळतो आणि शेवटी बोलणं ओठांच्या मागे पडतं, हा खरा रोग. तपासायला ताशाची जागा शोधा: काडी पडताना दिसते आणि टण ऐकू येतो, फरक लगेच कळतो. वाढत जाणारा फरक म्हणजे मधली चित्रं गळतायत, चित्र आवाजापेक्षा लवकर संपतंय. डिस्कचा वेग कमी पडत असेल तर हे होतं. न दाबलेलं चित्र तासाला जवळपास ७५ जीबी लिहायला लावतं. आदेशातलं एफएफव्ही१ चित्रातलं काही न गमावता ते बरंच कमी करतं, पण फार जुन्या प्रोसेसरला तेही जड जातं. तिथे त्याच कामाचं हफवाययूव्ही हलकं. 'थ्रेड क्यू' ब्लॉक झाल्याचा इशारा आला तर आदेशातला १०२४ हा आकडा वाढवा. फाइल करताना '-आर २५' आणि '-एएफ एरिसॅम्पल=असिंक=१' जोडलं की गळलेल्या जागा भरल्या जातात. आवाज डोंगलमधूनच घ्या. लॅपटॉपच्या माइकच्या खाचेतून घेतला तर त्याचं घड्याळ वेगळं चालतं.

आवाज मुळीच नसेल आणि चिप एसटीके११६० असेल तर 'अल्सामिक्सर' उघडा. तिथे तिचं वेगळं मिक्सर कार्ड दिसतं. त्यात 'लाइन' निवडलेली नसते किंवा म्यूट असते. ५३४डी:००२१ वाल्यांचा आवाज चिरकत असेल तर कर्नल जुना आहे. ही चिप ९६ किलोहर्ट्झ मोनो असल्याचं सांगते, देते मात्र ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ. नव्या कर्नलला हे माहीत आहे.

घूं असा सतत आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेला तर अर्थिंगचा घोळ आहे.

कूलर आणि कॅमेरा

हे कुठल्या मॅन्युअलात असं लिहिलेलं नाही, पण नागपुरात लिहायलाच हवं. नवतप्यात, ऐन उन्हाळ्याच्या त्या नऊ दिवसांत, आपण कूलरसमोर बसून हे काम करतो. कूलर खोली गार करतो ती ओली करून. एसीच्या खोलीत थंड झालेला कॅमेरा या दमट हवेत आणला की आतल्या ड्रमवर ओल धरते, आणि ओल ओळखणारा सेन्सर कॅसेट चालवूच देत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तेव्हा सी:२१ दिसतं. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, कूलरच्या झोतापासून दूर तासभर राहू द्या. सी:२२ म्हणजे हेड मळलेलं, क्लीनिंग कॅसेट फिरवा. सी:३१ किंवा सी:३२ ला कॅसेट काढून, वीज तोडून पुन्हा लावून बघा. पावसाळ्यात कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका. हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

हे बिघाड नव्हेत

हालचालीच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, कारण चित्र एकाआड एक ओळींनी नोंदलेलं आहे. मूळ फाइल तशीच ठेवा, बघायच्या प्रतीसाठी 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर लावा. अगदी तळाशी थरथरणारी पातळ पट्टी प्रत्येक अॅनालॉग कॅसेटला असते, टीव्ही ती चौकटीआड लपवायचा. आणि चित्रावर काउंटरचे आकडे उमटत असतील तर कॅमेऱ्याच्या मेन्यूत 'डिस्प्ले' हा पर्याय फक्त 'एलसीडी'वर आणा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली तर "चित्र येत नाही" एवढंच लिहू नका. 'एलएसयूएसबी'ची ती एक ओळ, 'यूनेम -आर'ने आलेला कर्नलचा क्रमांक, 'डीमेसेज'च्या शेवटच्या ओळी, कॅमेऱ्याचं मॉडेल, तो भारतात घेतला की बाहेरून आला, आणि बंद नेमकं कधी पडतं, हे सगळं एकदाच लिहा. उत्तर देणारा बहुतेक वेळा हेच परत विचारतो.